आईचं दूध ‘पातळ’ म्हणून डबा सुरू केला आणि बाळाची शी कडक झाली: एका घरातलं प्रकरण

भाचीला विचारून लिहितेय. नावं कुणाचीच घातलेली नाहीत, आणि मी डॉक्टर नाही हेही आधीच सांगते. मी १९ वर्षं दुधाच्या लॅबमध्ये आहे. सॅम्पल आलं की ब्युटिरोमीटरमध्ये (फॅट मोजायची काचेची नळी) १० मिली सल्फ्युरिक ॲसिड, त्यावर १०.७५ मिली दूध, १ मिली अमाइल अल्कोहोल, मशीनमध्ये फिरवायचं आणि आकडा वाचायचा, म्हणजे दुधाला फॅट किती लागलं हे बघणं हेच माझं रोजचं काम. तरीसुद्धा आमच्याच घरातल्या लेकराच्या बाबतीत हे सगळं होऊन गेल्यावर मला फोन आला, आधी आला असता तर बरं झालं असतं असं आजही वाटतं. म्हणून जे झालं ते क्रमानं लिहिते.

भाचीची पहिली मुलगी. सिझेरियन झालं, जन्माचं वजन २.८ किलो. पहिले दोन दिवस वाटी-चमच्यानं थोडं पावडरचं दूध दिलं, मग तिला दूध उतरलं आणि माहेरी असेपर्यंत बाळ फक्त अंगावर पीत होतं. सहा आठवड्यांच्या डोसला नेलं तेव्हा ३.९ किलो. शी दिवसातून चार-पाच वेळा, पिवळी, सैल, मोहरी फेटल्यासारखी बारीक दाणेदार. सगळं व्यवस्थित चाललं होतं. मग ती सासरी गेली. ती एका क्लासमध्ये शिकवते, तिथे मोठी रजा वगैरे प्रकार नाही, त्यामुळे तिसऱ्या महिन्यात आठवड्यातून चार दिवस तीन-तीन तास जायचं ठरलं आणि त्याच्या तयारीला नवव्या आठवड्यात तिनं पंपानं दूध काढून फ्रीजमध्ये ठेवायला सुरुवात केली.

इथेच सगळं फिरलं. रात्री काढून काचेच्या बाटलीत ठेवलेलं दूध सकाळी सासूबाईंनी बघितलं तर वर पिवळसर थर, साधारण एक बोट, आणि खाली निळसर झाक असलेलं पाण्यासारखं काहीतरी. सासूबाईंच्या माहेरी चार म्हशी होत्या, डेअरीला दूध जायचं, फॅटवर भाव मिळायचा, त्यांची दूध बघायची नजर ही अशी तयार झालेली. त्या म्हणाल्या, “अगं हे बघ, खाली नुसतं पाणी आहे. पोरीचं पोट कसं भरायचं यावर?” वाईट हेतूनं नाही म्हणाल्या, काळजीनंच म्हणाल्या. पण नुकत्याच बाळंत झालेल्या मुलीच्या मनात ते वाक्य जाऊन बसलं, माझ्या दुधात सत्त्वच नाही. त्या आठवड्यात बाळाचं वजन ४.६ किलो भरलं होतं, म्हणजे तीन आठवड्यांत ७०० ग्रॅम वाढलं होतं, आणि ते कार्डावर लिहिलेलं होतं. कार्ड कुणी उघडलंच नाही.

पावडरच्या दुधाचा डबा आला. दिवसाला तीन-चार फीड डब्याचे आणि बाकी अंगावरचं असं सुरू झालं. पहिले आठ-दहा दिवस सगळे खूश, कारण बाळ जास्त वेळ झोपायला लागलं. मग शी बदलली. आधी दिवसाआड, मग तिसऱ्या दिवशी, आणि रंग हिरवट राखाडी, हाताला लागली तर ओल्या शाडूसारखी. बाळ जोर करायचं, तोंड लालबुंद, पाय पोटाशी घेऊन रडायचं. मग घरोघरी होतं तेच, एकीनं ग्राइप वॉटर सांगितलं, दुसरीनं बोटावर मध, शेजारच्या आजींनी एरंडेल, आणि कुणीतरी म्हणालं बाटलीत अर्धा चमचा साजूक तूप घाला, आतडी वंगण होतील. नशिबानं यातलं ग्राइप वॉटर सोडून काही दिलं गेलं नाही. (मध वर्षाच्या आत अजिबात नाही, त्यातून येणारा बोट्युलिझम बाळासाठी जीवघेणा ठरू शकतो. एरंडेल आणि वरून तूप पण नाही.) आणि अकराव्या आठवड्यात मला फोन. “मावशी, तू दुधातलीच आहेस ना, मला सांग गं काय करू, ती जोर करते तेव्हा मलाच रडू येतं.”

मी पहिलं सांगितलं की आधी डॉक्टरांना दाखव, मी शनिवारी येते. डॉक्टरांनी पोट तपासलं, मऊ होतं, उलट्या नाहीत, शीतून रक्त नाही, जन्मल्यावर पहिली काळी शी पहिल्याच दिवशी झाली होती का हे विचारलं, झाली होती. वजन ५ किलो. म्हणाले आजार काही नाही, पावडरच्या दुधावर असं होतं, मोजमाप नीट आहे का बघा. मी हे मुद्दाम लिहितेय कारण पुढचं सगळं वाचून कुणी डॉक्टरांची पायरी गाळू नये. आणि अजून एक, फक्त अंगावर पिणारं बाळसुद्धा कधी कधी चार-पाच दिवस शी करत नाही आणि तरी ती झाली की मऊच असते, त्यात घाबरायचं काही नसतं. दिवस मोजण्यापेक्षा शी कडक आहे की मऊ ते बघायचं.

शनिवारी गेले आणि आधी काहीच न बोलता बाटली कशी बनवतात ते बघत बसले. त्या डब्याला ३० मिली पाण्याला एक सपाट स्कूप लागतो. सासूबाई स्कूप भरत होत्या तो शीग लावून, आणि ९० मिलीला तीन झाल्यावर वर अजून अर्धा, “जरा दाटसर होऊ दे”. म्हणजे दूध ठरल्यापेक्षा बरंच घट्ट बनत होतं. यानं एकट्यानंही शी कडक होऊ शकते, शिवाय बाळाच्या मूत्रपिंडावर ताण येतो तो वेगळा. ते त्याच क्षणी थांबवलं, स्कूपवरून सुरीची पाठ फिरवून सपाट करायचं आणि पाणी आधी घ्यायचं, पावडर नंतर. पण मला माहिती होतं की गोष्ट तेवढीच नाहीये.

मग मी भाचीला म्हटलं आपण तीन वाट्या घेऊ. ती पंप लावून बसली, पहिल्या दोन-तीन मिनिटांचं दूध एका छोट्या काचेच्या वाटीत, आणि अगदी शेवटचं, थेंब थेंब येतं ते दुसऱ्या वाटीत. तिसऱ्या वाटीत डब्याचं बरोबर मोजून बनवलेलं. खिडकीत उजेडाला ठेवल्या. पहिली वाटी निळसर, जवळजवळ आरपार. दुसरी पिवळट पांढरी, वाटी तिरकी केली तर काचेला धरून राहणारी. दोन्ही एकाच आईच्या, एकाच वेळच्या. पिण्याच्या सुरुवातीला फॅट कमी असतं आणि स्तन रिकामा होत जाईल तसं वाढत जातं, शेवटचं दूध सुरुवातीच्या दुप्पट-तिप्पट फॅटचं असू शकतं. तिसरी वाटी पांढरीशुभ्र, एकसारखी. सासूबाई तिसरीकडे बोट दाखवून म्हणाल्या, “हे बघा, दूध असं असतं.”

मी म्हटलं, ताई, तुम्ही रंगावरून फॅट बघताय, आणि रंग तिथे फसवतो. गाईच्या दुधात प्रोटीन १०० मिलीला सव्वातीन ग्रॅमच्या आसपास, म्हशीच्या चारच्या, आणि माणसाच्या आईच्या दुधात जेमतेम एक ग्रॅम, त्यातही केसीन नावाचं प्रोटीन कमी. दूध पांढरं आणि दाट दिसतं त्यात केसीनचा हात मोठा असतो. वासराला भराभर वाढायचं असतं, आपल्या बाळाला तेवढ्या वेगानं नाही, म्हणून बाळाच्या आईच्या दुधात प्रोटीन कमी. पण फॅट? ते साडेतीन ते साडेचार ग्रॅम, म्हणजे गाईच्या बरोबरीचं किंवा थोडं जास्तच. बाळाला दुधातून जेवढी ताकद मिळते त्यातली जवळपास निम्मी या फॅटमधून येते. डब्याचं दूध बनवल्यावर किती? कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकात १०० किलोकॅलरीमागे फॅट ४.४ ते ६ ग्रॅम ठेवायचं बंधन आहे, तयार दुधाच्या हिशोबात ते १०० मिलीला तीन ते चार ग्रॅम पडतं. म्हणजे ‘पाणी’ म्हणून ज्याला नाव ठेवलं त्याला डब्याएवढंच फॅट लागतं. हे ऐकून त्या गप्प झाल्या आणि मग एकदम म्हणाल्या, “मग वर थर का येतो? याच्यावर तर येत नाही.” खरंच चांगला प्रश्न होता आणि सगळ्या प्रकरणाची गुरुकिल्ली तिथेच आहे.

आईच्या दुधात फॅट गोळ्यांच्या रूपात तरंगत असतं. एकेक गोळी सरासरी चार मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि तिच्याभोवती आईच्या पेशीतून येतानाच गुंडाळलेलं एक पातळ पटल असतं, तीन पदरांचं, त्यात फॉस्फोलिपिड, स्फिंगोमायलिन, कोलेस्टेरॉल आणि काही खास प्रोटीन. गोळ्या मोठ्या, पाण्यापेक्षा हलक्या, म्हणून रात्रभर ठेवलं की वर येतात. डब्यात काय करतात, तर वनस्पती तेलं घेऊन दाबाखाली बारीक फोडतात, होमोजिनाइज करतात, गोळी अर्ध्या मायक्रॉनपर्यंत किंवा त्याहून लहान होते आणि तिला चिकटतात दुधातली केसीन आणि व्हे प्रोटीन. इतकी बारीक गोळी वर येत नाही, टेट्रापॅकच्या दुधावर थर धरत नाही तसंच. म्हणजे वर आलेला थर ही दूध निकस असल्याची खूण नाहीच. फॅट आहे म्हणून तो दिसतोय. बाटली कोमट पाण्यात धरून हलकेच गोल फिरवली की काचेला लागलेला थर पुन्हा मिसळतो, मी करून दाखवलं, दोन मिनिटं लागली.

ते पटल नुसतं गुंडाळायचा कागद नाही हेही सांगायला हवं. बाळाच्या मेंदूच्या वाढीसाठी लागणारे काही घटक त्या पटलातूनच येतात. आईच्या दुधात कोलेस्टेरॉल १०० मिलीला १० ते १५ मिलिग्रॅमच्या आसपास असतं, वनस्पती तेलाच्या डब्यात त्यापेक्षा खूप कमी. मोठ्यांसाठी आपण कोलेस्टेरॉलला घाबरतो, पण या वयात पेशी उभ्या राहायला ते लागतं. स्वीडनमध्ये उमेओला डब्यावरच्या १६० बाळांवर प्रयोग झाला होता, निम्म्यांना गाईच्या दुधातून काढलेलं हे पटल घातलेला फॉर्म्युला (म्हणजे डब्याचं दूध) दिला, एक वर्षाच्या वयाला त्यांचे बुद्धी-चाचणीचे गुण साध्या फॉर्म्युल्यावरच्या बाळांपेक्षा जास्त आले, अंगावर पिणाऱ्या बाळांच्या जवळ. पण तीच मुलं साडेसहा वर्षांची झाल्यावर तो फरक उरलेला नव्हता. दोन्ही अर्धी वाक्यं सांगायची असतात, पहिलं तेवढंच सांगून डबे विकले जाऊ नयेत.

आता शी. डबा हातात घेतला. आपल्याकडे १९९२ चा कायदा आहे म्हणून त्यावर बाळाचा किंवा आईचा फोटो नसतो आणि आईचं दूध सर्वोत्तम हे छापावं लागतं. ते वाचून झाल्यावर मी मागची बारीक अक्षरं वाचली: खाद्य वनस्पती तेलं, त्यात पहिलं पाम ओलीन (पामतेलाचा पातळ भाग), मग सोयाबीन, खोबरेल, सूर्यफूल. भाची म्हणाली, “पाम म्हणजे वाईट ना गं? म्हणजे आम्ही तिला हॉटेलचं तेल पाजतोय?” नाही गं, तसं नाही. ते का घालतात ते समजून घेतलं तर राग येत नाही. फॅट ज्यांचं बनलेलं असतं त्या घटकांना फॅटी ॲसिड म्हणतात, आणि आईच्या दुधातल्या फॅटी ॲसिडपैकी २० ते २५ टक्के पामिटिक ॲसिड असतं, म्हणजे बाळाला ते हवंच असतं. सोयाबीन किंवा सूर्यफुलात ते कमी. पाम ओलीनमध्ये ४० टक्क्यांच्या आसपास. म्हणून पाम घातलं की यादी आईच्या दुधाच्या यादीशी जुळते. पामिटिक जुळलं, ओलेइक जुळलं, लिनोलेइक जुळलं. लॅबच्या रिपोर्टमध्ये दोन्ही नमुने शेजारी ठेवले तर बरेच आकडे सारखे दिसतील.

पण यादी सारखी असली तरी बांधणी सारखी नाही. हे मी त्यांना भिंतीवरची खुंटाळी दाखवून सांगितलं. फॅटचा एक कण म्हणजे तीन खुंट्यांची खुंटाळी, प्रत्येक खुंटीवर एक फॅटी ॲसिड टांगलेलं. बाळाच्या आतड्यातलं पाचक एन्झाइम, लायपेज, कडेच्या दोन खुंट्यांवरचं काढून घेतं, मधल्या खुंटीवरचं शक्यतो तसंच राहतं आणि खुंटाळीसकट आत शोषलं जातं. आईच्या दुधात पामिटिक ॲसिडपैकी ६० ते ७० टक्के मधल्या खुंटीवर असतं. ही काही योगायोगाची मांडणी नाही, स्तनातल्या पेशी ते तिथेच बसवतात. पामच्या तेलात मात्र पामिटिक कडेच्या खुंट्यांवर, मध्ये फार थोडं. म्हणजे डब्याच्या दुधातलं पामिटिक सुटं होऊन आतड्यात मोकळं फिरतं, आणि तिथे त्याला भेटतं दुधातलंच कॅल्शियम.

पुढे काय होतं ते सासूबाईंनीच सांगितलं, मला सांगावं लागलं नाही. त्यांच्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअरचं पाणी येतं, साबण लावला तर फेस होत नाही, बादलीच्या कडेला पांढरा चिकट राप बसतो, घासून निघत नाही. मी विचारलं तो राप कशाचा असतो माहितीये का? तो कॅल्शियमचा साबण. पाण्यातलं कॅल्शियम आणि साबणातलं फॅटी ॲसिड यांची गाठ पडली की विरघळत नाही असा साबण बनतो. बाळाच्या पोटात नेमकं तेच, कॅल्शियम पामिटेट. ते शोषलं जात नाही, शीत जातं आणि शी कडक करतं. त्यांनी लगेच विचारलं, “म्हणजे कॅल्शियम पण वाया जातं की.” हो, जातं, आणि थोडं फॅटही. अमेरिकेत पाम ओलीनवाला आणि पामशिवायचा फॉर्म्युला यांची तुलना झाली तेव्हा पामवाल्यावर कॅल्शियम कमी शोषलं गेलं आणि तीन आणि सहा महिन्यांच्या वयाला हाडांतलं खनिज थोडं कमी भरलं. म्हणून डब्यांत कॅल्शियम आईच्या दुधापेक्षा जास्त घातलेलं असतं, आणि युरोपातल्या बालपचनविकार तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९ मध्ये सगळा पुरावा चाळून म्हटलं की तब्येतीच्या कारणानं पाम टाळायलाच हवं असं म्हणण्याइतका पुरावा नाही. हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण ज्या आईला डबाच द्यावा लागतोय तिला घाबरवून काय मिळणार?

यावर उपाय म्हणून पामिटिक मधल्या खुंटीवर बसवलेलं तेल पण बनतं, एन्झाइम वापरून, त्याला ओपीओ किंवा बीटा-पामिटेट म्हणतात आणि १९९० च्या दशकापासून ते काही फॉर्म्युल्यांत वापरलं जातंय. त्यानं शी मऊ होते आणि शीतला साबण कमी होतो हे प्रयोगांत दिसलंय. त्याच संघटनेचं मत असं की शीवर तात्पुरता फायदा होऊ शकतो पण ते अत्यावश्यक आहे असं नाही. डबा महाग असतो. भाचीला मी म्हटलं परवडत असेल आणि डॉक्टर हो म्हणाले तर बघ, पण आधी बाकीचं करून बघू.

तेवढ्यात घरातल्या आणखी एक बाई म्हणाल्या, मग डब्यापेक्षा गाईचं दूध पाणी घालून दिलं तर, आमच्या वेळी तेच होतं. हे ऐकलं की मला अस्वस्थ व्हायला होतं. गाईच्या दुधाच्या फॅटमध्ये लिनोलेइक ॲसिड दोन-तीन टक्केच असतं, आईच्या दुधात त्याच्या कितीतरी पट, आणि पाणी घातलं की तेही अर्धं. लिनोलेइक शरीर स्वतः बनवू शकत नाही. अमेरिकेत हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये ४२८ बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता, वेगवेगळ्या फॅटचं दूध दिलेल्या, त्यात जिथे लिनोलेइक जवळपास नव्हतंच तिथे बाळांची कातडी कोरडी पडली, सोलायला लागली, आणि ते दिल्यावर बरी झाली. त्यानंतर बाळाच्या दुधात किती लिनोलेइक हवं याचा विचार पक्का होत गेला, आज कोडेक्समध्ये १०० किलोकॅलरीमागे किमान ३०० मिलिग्रॅम आहे. त्याच्याही आधी १९१९ च्या सुमारास क्लीव्हलँडला गर्स्टनबर्गर नावाच्या डॉक्टरनं गाईच्या दुधातलं लोणी काढून त्याजागी प्राण्यांची आणि वनस्पतींची तेलं आणि कॉड लिव्हर ऑइल यांचं मिश्रण घातलं होतं, आईच्या दुधाच्या फॅटशी जुळावं म्हणून. म्हणजे शंभर वर्षं माणसं हेच गणित सोडवतायत. सुटलेलं नाही, पण गाईच्या दुधात पाणी घालण्यापेक्षा खूप पुढे आलंय, म्हणून वर्षाच्या आत अंगावरचं नसेल तर डबा, पाणी घातलेलं वरचं दूध नाही.

भाचीच्या मनात दुसरीच गोष्ट सलत होती, ती रात्री बाळ झोपल्यावर बोलली. “मावशी, डब्यावर डीएचए लिहिलंय. मी तर मासे खात नाही. माझ्या दुधात असेल का?” डीएचए म्हणजे माशांत असतं ते ओमेगा-३ फॅटी ॲसिड. असतं गं, पण आईच्या खाण्याप्रमाणे फार बदलतं. जगभरच्या आयांच्या दुधाची सरासरी काढली तर एकूण फॅटी ॲसिडच्या ०.३२ टक्के डीएचए आणि ०.४७ टक्के एआरए (ओमेगा-६ गटातलं फॅटी ॲसिड) येतं, पण डीएचएचा पल्ला ०.०६ पासून १.४ पर्यंत आहे, किनाऱ्यावर रोज मासे खाणारीच्या दुधात भरपूर, शाकाहारीच्या दुधात कमी. आपण म्हणतो जवसाची चटणी खा, ती चांगलीच आहे, तिनं दुधातलं अल्फा-लिनोलेनिक (वनस्पतींतलं ओमेगा-३) वाढतं, पण त्याचं डीएचए फार थोडं बनतं, जवसाचं तेल देऊन बघितलेल्या आयांच्या दुधात डीएचए काही वाढलं नव्हतं. मासे चालत असतील तर बांगडा, तारली. चालत नसतील तर शेवाळापासून काढलेल्या डीएचएच्या शाकाहारी गोळ्या मिळतात, पाजणाऱ्या आईला दिवसाला निदान २०० मिलिग्रॅम डीएचए मिळावं असं सांगतात. डब्यातलं डीएचए पण बहुतेकदा शेवाळातूनच येतं आणि एआरए एका बुरशीपासून. युरोपात २०२० पासून प्रत्येक फॉर्म्युल्यात १०० किलोकॅलरीला २० ते ५० मिलिग्रॅम डीएचए सक्तीचं आहे. पण पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळांत डीएचए घातलेल्या डब्यानं बुद्धी वाढते असं अभ्यास एकत्र करून बघितल्यावर ठामपणे दिसलेलं नाही. तिला मी एवढंच म्हटलं की तुझ्या डॉक्टरांना विचारून गोळी सुरू कर, आणि डब्यावरचा तो आकडा तुझ्या दुधाशी लावू नकोस, कारण तुझ्या दुधात फॅटबरोबर ते पचवणारं एन्झाइम पण येतं. हे तिला माहीतच नव्हतं. आईच्या दुधात स्वतःचं लायपेज असतं, पित्ताच्या क्षारांनी जागं होणारं, आणि बाळाचं स्वतःचं स्वादुपिंड अजून कच्चं असतं तेव्हा ते मदतीला येतं. डब्यात ते नसतं. काढून ठेवलेल्या दुधाला कधी कधी साबणासारखा वास येतो तो पण लायपेजच्या कामाचाच, दूध नासलेलं नसतं. तिनं असं दोनदा ओतून टाकलं होतं. हे ऐकून ती जे रडली ते मी विसरणार नाही.

पुढे काय केलं. स्कूप सपाट, हे त्याच दिवसापासून. डबा एकदम बंद केला नाही, कारण दोन-तीन आठवडे कमी पाजल्यामुळे तिचं दूध कमी झालं होतं, ते वाढायला वेळ लागतो. दर चार-पाच दिवसांनी डब्याचा एक फीड कमी, त्याजागी अंगावर, रात्रीचं पाजणं परत सुरू, आणि एक बाजू नीट रिकामी झाल्यावरच दुसरी, म्हणजे शेवटचं फॅटवालं दूध मिळतं. पंपाचं दूध फ्रीजमध्ये चार दिवसांपर्यंत, तापवताना गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही, कोमट पाण्यात. पहिल्या आठवड्यात शी अजून घट्टच होती पण जोर कमी झाला. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी, दिवसाला एकच डब्याचा फीड उरल्यावर, पुन्हा पिवळी आणि मऊ.

आता हे प्रामाणिकपणे सांगायला हवं की या एका बाळावरून पामच्या तेलानंच झालं असं मी सिद्ध करू शकत नाही. जास्तीची पावडर आम्ही त्याच दिवशी थांबवली आणि डबाही कमी केला, दोन्ही एकत्र झालं. पहिल्या आठवड्यात स्कूप बरोबर असूनही शी घट्ट राहिली यावरून मला वाटतं की साबणाचाही भाग होता, पण ते माझं वाटणं आहे. जे नक्की आहे ते हे की ४.६ किलोच्या, नीट वाढणाऱ्या बाळाला त्या दिवशी डब्याची गरज नव्हती, आणि ती वाटली ती फक्त फॅटचा थर वर आला म्हणून.

आता बाळ साडेपाच महिन्यांचं आहे, वजन ७.१. क्लासच्या दिवशी साठवलेलं पुरलं नाही तर एक फीड डब्याचा जातो, तोच पामवाला डबा, बदलला नाही, त्यानं काही त्रास होत नाहीये आणि भाचीला त्याचं वाईटही वाटत नाही. फ्रीजचं दूध आता सासूबाईच काढतात आणि कोमट पाण्यात धरून फिरवतात. परवा त्यांचा फोन होता, “ताई, आज बाटलीत थर कमी दिसतोय हो, घाईत हिनं पंप लवकर बंद केला वाटतं.” मी म्हटलं, बरोबर ओळखलंत, शेवटचं दूध आत राहिलं असेल. “मग संध्याकाळी बाळाला त्याच बाजूला आधी घ्यायला सांगते,” म्हणाल्या, आणि फोन ठेवला.